धरा, पाडा, सोडा

भोसरी-चाकणकडचा पोरगा रग्बी शिकायला आला तर त्याला माणूस पाडायला शिकवावं लागत नाही. तालमीत त्यानं दुहेरी पट काढलेला असतो, नाहीतर गावच्या कबड्डी संघात कोपऱ्यावर उभं राहून घोटा धरलेला असतो. समोरून अंगावर माणूस येत असताना डोळे उघडे ठेवायचे, ही रग्बीतली सगळ्यात अवघड गोष्ट. ती त्याला आधीच येते. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण पाडल्यावर तो सोडत नाही. कबड्डीत पकड ढिली झाली की चढाईवाला मध्यरेषेला बोट लावतो आणि गुण घेऊन जातो, त्यामुळे आवळून धरायची सवय हातात मुरलेली असते. रग्बीत पाडलेल्याला धरून ठेवलं की शिट्टी वाजते आणि पेनल्टी समोरच्या संघाला मिळते. हा लेख मुख्यतः त्या सवयीबद्दल आहे. ती मोडली की अर्धी रग्बी आली असं समजा.

आधी थोडी ओळख. रग्बी आपल्याकडे नवी नाही, फक्त बरीच वर्षं ती जिमखान्याच्या कुंपणाआड राहिली. १८७२ च्या नाताळात कोलकात्यातल्या इंग्रजांनी सामना खेळला आणि लगेच क्लब काढला. काही वर्षांत खेळाडू पांगले, तेव्हा क्लब बंद करताना शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी चषक घडवला. नागाच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता कपसाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून लढतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्यानं हा खेळ टिकवला, तोही भर पावसाळ्यातल्या चिखलात. भारताचा संघ मात्र पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट १९९८ मध्ये. अभिनेता राहुल बोस त्या काळात भारताकडून खेळायचा. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा शहरसंघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, चेन्नई बुल्सनं ती जिंकली आणि ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता त्यांच्या मोबाइलवर तो पोचला.

त्या लीगमध्ये दिसली ती सात जणांची रग्बी, म्हणजे सेव्हन्स. एरवी तिच्यात सात-सात मिनिटांचे दोन डाव, प्रचंड धावपळ. ऑलिंपिकमध्येही २०१६ पासून हीच आहे. तेरा जणांची ‘रग्बी लीग’ नावाची भावकीही आहे, तिचे नियम वेगळे. इथं सांगतो आहे तो १५ जणांचा मूळ खेळ, रग्बी युनियन: ४० मिनिटांचे दोन डाव आणि राखीव खेळाडू आठपर्यंत. सेव्हन्सचे बहुतेक नियम यातूनच आलेले असल्यामुळे १५ जणांचा खेळ समजला की सातचा समजतोच. उलट दिशेनं तितकं सोपं जात नाही.

मैदान, गुण आणि मागे जाणारा पास

मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत जास्तीत जास्त १०० मीटर आणि रुंदीला ७० मीटरपर्यंत. गोलरेषेपलीकडे आणखी एक पट्टा असतो, त्याला इन-गोल म्हणतात. रेषेवर इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे खांब असतात. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर, आडवी दांडी जमिनीपासून ३ मीटरवर. चेंडू या दांडीच्या वरून जायला हवा, खालून नाही. फुटबॉल पाहून आलेला प्रेक्षक इथं पहिल्यांदा गोंधळतो.

समोरच्या इन-गोलमध्ये जाऊन चेंडू जमिनीवर दाबला की ट्राय, गुण ५. नुसतं रेषेपलीकडे पळत जाणं पुरत नाही आणि चेंडू तिथं फेकूनही चालत नाही. हाताखाली किंवा छातीखाली तो जमिनीला टेकला पाहिजे. म्हणूनच रेषा ओलांडलेल्या माणसाच्या अंगाखाली हात घालून चेंडू वर उचलून धरणारा बचावपटू तुम्हाला दिसेल. त्याची ती धडपड पूर्ण नियमात बसते. ट्रायनंतर खांबांवर लाथ मारायची संधी मिळते, तिचे २. ही लाथ ट्राय जिथं टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची असते. कोपऱ्यात टेकवलात तर कोन अवघड, खांबांच्या मधोमध टेकवलात तर सोपा. त्यामुळे रेषा ओलांडल्यावरही वळून खांबांकडे पळणारा खेळाडू मिरवत नसतो, दोन गुणांची सोय करत असतो. पेनल्टीवर मारलेल्या गोलाचे ३, आणि खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टप्पा घेतो न घेतो तोच लाथ मारून दांडीवरून काढला तर त्या ड्रॉप गोलचेही ३. समोरच्यानं नियम मोडून नक्की होणारा ट्राय अडवला तर पंच सरळ ७ गुण देऊन टाकतात, मग लाथही मारावी लागत नाही. ट्रायचे ५ गुण १९९२ पासून आहेत, त्याआधी ४ होते. जुन्या सामन्यांचे आकडे पाहताना हे ध्यानात ठेवा.

तीन गुणांची पेनल्टी किरकोळ वाटत असेल तर २०१९ चा मनिलातला सामना आठवा. भारताच्या महिला संघानं १५ जणींची रग्बी आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१८ मध्येच सुरू केली होती. पुढच्याच वर्षी सिंगापूरला २१-१९ हरवून पहिला विजय मिळवला, तो ओडिशाच्या सुमित्रा नायकनं अगदी शेवटी मारलेल्या पेनल्टीवर. संघाचं नेतृत्व पुण्याच्या वाहबिझ भरुचाकडे होतं. ती पेशानं फिजिओथेरपिस्ट. ‘मुलींना झेपेल का’ असं विचारणाऱ्या पालकांना एवढं उदाहरण पुरेसं व्हावं.

आता हातानं द्यायचा पास. तो पुढे देता येत नाही. सरळ बाजूला किंवा मागेच द्यायचा. चेंडू घेऊन पुढे पळता येतं, पायानं पुढे मारता येतो, पण हातातून पुढच्या साथीदाराकडे जाता कामा नये. घेताना चेंडू हातातून निसटून पुढे पडला तर तो नॉक-ऑन. खेळ थांबतो आणि स्क्रम (तो काय ते पुढे येईल) समोरच्या संघाला मिळतो. इथं नवखे हमखास एक गोष्ट करतात: चेंडू हातातून मागे पडला तरी तिथंच थबकतात, पंचाकडे बघतात. मागे पडलेला चेंडू चालू असतो. उचला आणि पळा.

या नियमामुळे साथीदारांची जागा ठरते. सगळे चेंडूवाल्याच्या मागे, तिरप्या ओळीत. कबड्डीत चढाईला एकट्यानं जायचं असतं, सात जणांत घुसायचं आणि एकट्यानंच परत यायचं. म्हणून आपल्याकडचा चपळ चढाईपटू रग्बीत चेंडू हातात येताच भन्नाट पळतो, दोघांना चकवतो, वीस मीटर पुढे जातो आणि तिथं एकटाच पडतो. मागे कोणीच नाही. चेंडू गेला. त्याला वेग कमी करायला सांगू नका, बाकीच्यांना त्याच्या मागे पळायला लावा.

पाडल्यानंतरचे दोन सेकंद

आता मुख्य गोष्ट. ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच पाडता येतं, बाकी कोणाला हात लावायचा नाही. पकड खांद्यांच्या रेषेखाली हवी. अनेक देशांनी हौशी खेळात ही मर्यादा आणखी खाली, छातीच्या हाडाच्या तळापर्यंत आणली आहे, आणि शिकताना तुम्हीही कमरेखालीच धरा. दोन्ही हातांनी कवेत घ्यायचं. हात अंगाशी चिकटवून नुसता खांदा हाणला तर तो गुन्हा. पाय आडवा घालून पाडायचं नाही, हवेत उडी मारलेल्या माणसाला धरायचं नाही. कुस्तीवाल्यांसाठी खास सूचना: पट काढा, पण उचलून आपटू नका. समोरच्याचे पाय डोक्याच्या वर गेले आणि तो मानेवर पडला तर लाल कार्डाची तयारी ठेवा. धोबीपछाडला आखाड्यात टाळ्या पडतात, इथं सरळ घरी पाठवतात.

डोकं कुठं ठेवायचं हे सगळ्यात आधी शिका. समोरचा तुमच्या उजवीकडून जात असेल तर उजवा खांदा त्याच्या मांडीला, आणि डोकं त्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या पार्श्वभागाला चिकटलेला. डोकं कधीही त्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, नाहीतर त्याचा गुडघा आणि तुमचं कपाळ एकाच जागी येतात. नजर वर, मान ताठ, पाठ सरळ. घोटा पकडायला खाली मुंडी घालून झेपावणाऱ्या कोपरारक्षकाला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कबड्डीत त्याच्यासमोरचा माणूस सहसा पूर्ण वेगानं पळत नसतो. इथं पळत असतो.

समजा, पाडलं. चेंडूवाल्याचा गुडघा किंवा अंग जमिनीला टेकलं आणि तुम्ही त्याला धरलेलं आहे. या क्षणापासून तिघांवर तीन बंधनं येतात, आणि पंचाची नजर नेमकी इथंच असते. पाडणाऱ्यानं ताबडतोब सोडायचं आणि बाजूला लोळायचं. पडलेल्यानंही चेंडू ताबडतोब सोडायचा: साथीदाराकडे सरकवा, हात लांब करून आपल्या बाजूला जमिनीवर ठेवा, पण पोटाशी धरून बसू नका. आणि येणाऱ्या तिसऱ्यानं, तो कोणत्याही संघाचा असो, आपल्या बाजूनं, मागून, पायांवर उभं राहून यायचं. बाजूनं घुसला किंवा ढिगावर झोपला की पेनल्टी.

पाडणाऱ्यानं सोडल्यावर उठून, आपल्या बाजूला येऊन, चेंडूवर हात टाकता येतो. क्रम महत्त्वाचा: आधी सोड, मग ऊठ, मग चेंडू. नवख्याकडून हा क्रम नेहमी उलटा होतो. आणि गंमत अशी की, पाडलं पण धरलं नाही, नुसता धक्क्यानं पडला, तर पडलेला उठून पुन्हा पळू शकतो. म्हणजे पाडताना घट्ट धरायचंच आहे, फक्त जमिनीला टेकल्यावर सोडायचं आहे. सवय लावायला मोठ्यानं ओरडून बघा: पाडताना ‘धर’, टेकल्यावर ‘सोड’. शेजारच्या नेटमधले क्रिकेटवाले हसतील.

आपल्या मातीतल्या खेळाडूला याचा फायदा कुठं, तर तिसऱ्या माणसाच्या कामात. तुमच्या साथीदारानं समोरच्याला पाडलं आहे आणि तुम्ही पायांवर उभे आहात, समोरचं कोणी अजून पोचलेलं नाही. वाका, पाय रोवा, दोन्ही हात चेंडूवर टाका आणि ओढा. पडलेल्यानं चेंडू सोडला तर तो तुमचा. सोडला नाही तर पेनल्टी तुमची. इथं पकडीत दम असणाऱ्याचं सोनं होतं. जगभर याला जॅकल म्हणतात, आणि एका सामन्यात तीनदा चेंडू असा हिसकावणारा खेळाडू संघाला दोन ट्राय करणाऱ्याइतकाच मोलाचा असतो, असं माझं मत आहे.

दोन्ही बाजूंचे किमान एक-एक जण उभे राहून जमिनीवरच्या चेंडूवर एकमेकांना भिडले की रक तयार झाला. आता हात लावायचा नाही. समोरच्याला रेटून चेंडूच्या पलीकडे ढकलायचं किंवा चेंडू पायानं मागे घ्यायचा. रक होण्याआधीच ज्याचा हात चेंडूवर होता त्याला मात्र तो ठेवता येतो. रकमध्ये सामील नसलेल्यांसाठी ऑफसाइडची रेषा आपल्या बाजूच्या सगळ्यात मागच्या पायाशी असते. तिच्यामागे उभं राहायचं. चेंडू मिळालेला असूनही संघ वेळ काढत बसला तर पंच ‘यूज इट’ म्हणतात, मग पाच सेकंदांत तो खेळायला हवा.

आणि चेंडूवाला पडलाच नाही तर? समोरच्यानं धरलंय, त्याचा स्वतःचा साथीदारही येऊन चिकटलाय, तिघंही उभे, तर तो मॉल. मॉलमध्ये धरून ठेवायला पूर्ण मुभा आहे; पाडायला नाही. मॉल मुद्दाम कोसळवला तर पेनल्टी. मात्र बचाव करणाऱ्यांनी चेंडूवाल्याला उभ्यानं असा जखडला की चेंडू बाहेरच येईना, तर स्क्रममध्ये चेंडू टाकायचा हक्क साधारणपणे त्यांच्याकडे जातो. कबड्डीत साखळी करून चढाईवाल्याला उभ्या उभ्या आवळणाऱ्यांना ही जागा फार आवडते. फक्त तो खाली पडला की पुन्हा वरचे नियम लागू. सोडा.

स्क्रम, लाइनआउट आणि कोण कुठं

स्क्रमबद्दल मुद्दाम थोडक्यात सांगतो, कारण लेख वाचून स्क्रम करू नये. आठ विरुद्ध आठ जण खांद्याला खांदा लावून वाकतात, पंच ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हणतात, दोन्ही फळ्या भिडतात आणि मध्ये टाकलेला चेंडू मधला खेळाडू, हूकर, पायानं मागे घेतो. मानेवर येणारा भार प्रचंड असतो. १९ वर्षांखालच्या सामन्यांत ढकलायची मर्यादाच दीड मीटर आहे. प्रशिक्षित माणूस समोर असल्याशिवाय ढकलाढकली करू नका. तोवर तिघा-तिघांचा, न ढकलता केलेला स्क्रम पुरे.

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला तर लाइनआउट: दोन समांतर रांगा आणि त्यांच्या मधून सरळ फेकलेला चेंडू. उडी मारणाऱ्याला साथीदार उचलू शकतात. फेक तिरपी गेली तर हक्क समोरच्यांना.

१ ते ८ हे पुढचे, म्हणजे स्क्रमवाले, ९ ते १५ मागचे. १ आणि ३ हे प्रॉप. तालमीतल्या रुंद खांद्याच्या, जाड मानेच्या गड्यांची जागा. ४ आणि ५ उंच हवेत. ६ आणि ७ हे सतत धावून पाडणारे आणि चेंडू हिसकावणारे. गावच्या संघातला चांगला कोपरारक्षक इथं घाला, डोळे झाकून. ९ हा रकमधून चेंडू उचलून देणारा, तोंडानं अखंड बडबड करणारा. खो-खो खेळलेला चालतो. १० सगळं ठरवतो आणि लाथही बहुधा तोच मारतो. ११ आणि १४ कडेचे, सगळ्यात वेगवान. १५ सगळ्यात मागे, उंच उडालेला चेंडू अंगावर माणूस येत असताना झेलणारा. सीमारेषेवर झेल न सोडणाऱ्या क्रिकेटरला इथं उभं करून बघा.

पेनल्टी मिळाल्यावर काय करायचं हे कर्णधार ठरवतो. समोर खांब असतील तर मारून ३ गुण. नाहीतर लाथेनं बाहेर काढायचा आणि पुढे जाऊन लाइनआउट घ्यायचा. पेनल्टीवरून बाहेर काढलेल्या चेंडूची फेक तुमच्याचकडे राहते, एरवी ती बहुतेक वेळा समोरच्यांकडे जाते. किंवा पायानं टप्पू मारून लगेच पळायचं, किंवा स्क्रम मागायचा. एरवी खेळ चालू असताना लाथ मारताना एक लक्षात ठेवा: आपल्या गोलरेषेपासून २२ मीटरवरच्या रेषेच्या आतून मारून चेंडू थेट बाहेर गेला तर लाइनआउट तो बाहेर गेला तिथं, त्या रेषेच्या पुढून मारलात आणि टप्पा न पडता बाहेर गेला तर लाइनआउट मारला तिथंच. फुकट जागा गेली.

पंचाशी बोलायचं ते फक्त कर्णधारानं, तेही अदबीनं. आपल्याकडच्या कबड्डी स्पर्धांत एका गुणासाठी पंचाभोवती जे रिंगण होतं ते इथं केलंत तर दहा मीटर मागे जाल. पंचाचा हात कमरेच्या उंचीवर बाजूला ताणलेला दिसला तर तो ॲडव्हांटेज देतोय. चूक समोरच्यांनी केली आहे, पण तुमचा फायदा होतोय का ते बघतोय. शिट्टी वाजलेली नाही, खेळत राहा. फायदा झाला नाही तर तो मागे आणून पेनल्टी देईलच, तेव्हा त्या चार-पाच सेकंदांत धाडसी पास टाकून बघायला हरकत नाही.

मैदान कुठं, वार कुठला

रविवारी एच.ए. मैदान किंवा निगडीचं मदनलाल धिंग्रा मैदान मागू नका; एका मैदानावर चार-पाच क्रिकेट सामने एकमेकांत घुसलेले असतात. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, आणि गुरुवारी सकाळी तीच मैदानं मोकळी असतात. पिंपरी-चिंचवडमध्ये रग्बीचा गट जमवायचा असेल तर त्याचा वार गुरुवार, यात मला तरी शंका नाही. महापालिकेच्या मैदानासाठी क्रीडा विभागाला रीतसर अर्ज करा.

जमीन बघून खेळ ठरवा. मुरमाच्या मैदानावर टॅकल, म्हणजे पाडापाडी, नकोच. कोपर आणि गुडघे सोलून निघतील आणि पुढचा आठवडा कारखान्यात लाइनवर उभं राहताना आठवण येईल. नेहरूनगरच्या हॉकी स्टेडियमसारखं कृत्रिम मैदान हॉकीसाठीच असतं, त्यावर पडणं मुरमाइतकंच महाग. एप्रिल-मेमध्ये कुठलीच जमीन पडण्यालायक नसते. जूनपासून दिवाळीपर्यंत गवत असतं, माती मऊ असते. पाडायचं ते तेव्हा शिका. सुरू करण्याआधी सगळ्यांनी एका ओळीत मैदान चालून खडे, काचा, क्रिकेटवाल्यांनी ठोकलेल्या स्टंपांचे तुकडे उचला.

आणि एक युक्ती, जी या पट्ट्यात सहज जमेल: पडायला आणि पाडायला तालमीत शिका. लाल मातीच्या हौदासारखी मऊ जागा दुसरी नाही. वस्तादांना आधी विचारा, बूट बाहेर काढा, चेंडूही सुरुवातीला बाहेरच ठेवा. पहिल्यांदा दोघंही गुडघ्यांवर बसून: एकानं धरायचं, डोकं मागच्या बाजूला, पाडायचं, टेकताच सोडायचं, बाजूला लोळायचं. मग पाडणारा गुडघ्यावर आणि समोरचा चालत. मग दोघं चालत. धावत शेवटी. पडणाऱ्यानंही शिकायचं असतं: हात टेकून पडू नका, मनगट जाईल, चेंडू दोन्ही हातांत धरून आधी गुडघा, मग कुशीचा भाग, मग खांदा असं वळत पडा आणि चेंडू आपल्या माणसांकडे लांब ठेवा.

मैदानावर सुरुवात टच रग्बीनं करा. पाडायचं नाही, दोन्ही हातांनी शिवायचं. शिवला की चेंडूवाल्यानं थांबून चेंडू जमिनीवर ठेवायचा, मागच्यानं उचलून खेळ पुढे न्यायचा. सहा-सहा जण पुरे, फक्कीनं चार रेषा मारल्या की मैदान तयार, खांबांची गरज नाही. यात बायका, मुलं, चाळिशीतले सुपरवायझर सगळे एकत्र खेळू शकतात आणि मागे पास देण्याची, मागे पळत राहण्याची सवय विनादुखापत लागते. कंत्राटी कामगारांना माझा सल्ला आहे की बराच काळ टचच खेळा. बोट मोडलं तर हजेरी बुडते, आणि सुट्टीच्या दिवशी खेळताना झालेली दुखापत कामावरची धरली जाईल अशा भरवशावर राहू नका.

सामान फार लागत नाही. मोठ्यांसाठी ५ नंबरचा चेंडू, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा. फुटबॉलचे स्टडवाले बूट चालतात. कंपनीचे सेफ्टी शूज नाही, पुढची लोखंडी टोपी दुसऱ्याच्या बोटांवर बसते. अंगठी, कडं, चेन, घड्याळ काढून ठेवा, नखं कापा. दातांसाठी माउथगार्ड घ्या. गरम पाण्यात मऊ करून दाताला बसवायचा असतो. टॅकल सुरू करायच्या आधी तो प्रत्येकाकडे हवाच.

रात्रपाळी करून आलेल्यानं त्या सकाळी पाडापाडी करू नये. डोळे उघडे असले तरी अंग उशिरा हलतं आणि डोकं चुकीच्या बाजूला जातं. डोक्याला मार लागून कोणी गांगरला, अडखळला, गुण किती झाले विचारल्यावर उगाच हसला, उलटीसारखं वाटतं म्हणाला, तर त्याला बाहेर काढा आणि त्या दिवशी परत आत घेऊ नका, तो कितीही म्हणो. त्याला मोटरसायकलवर एकटा घरी पाठवू नका. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्यानं खेळायचं नाही, आणि प्रेस शॉपमध्ये किंवा फोर्कलिफ्टवर काम असेल तर सुपरवायझरला सांगणं तेवढंच गरजेचं. मानेला मार लागला असेल तर हलवायचंच नाही, रुग्णवाहिका बोलवा. सरावाला उतरण्याआधीच १०८ क्रमांक आणि जवळचं रुग्णालय, पिंपरीत असाल तर वायसीएम, सगळ्यांना माहीत असू द्या.

कार्डं दोन. पिवळं म्हणजे दहा मिनिटं बाहेर आणि संघ तेवढा वेळ एकानं कमी. लाल म्हणजे खेळाडूचा सामना संपला. नवख्यांच्या सामन्यात पिवळं कार्ड बहुतेक वेळा उंच पकडीसाठी किंवा पुन्हा पुन्हा न सोडण्यासाठी निघतं.

शेवटची गोष्ट घड्याळाची, कारण पहिला सामना बघताना इथंच चुकामूक होते. ८० मिनिटं झाली म्हणून खेळ थांबत नाही; चेंडू मृत झाला की थांबतो. पुढे असलेला संघ वेळ संपताच चेंडू लाथेनं बाहेर काढतो आणि हात वर करतो. मागे असलेल्या संघाला ती मुभा नाही. त्यानं चेंडू हातातच ठेवायचा, पडायचं, मागे ठेवायचा, उचलायचा, पुन्हा पडायचं. या वेळात नॉक-ऑन झाला तर सामना संपला. पण पेनल्टी मिळाली तर संपत नाही. ती बाहेर मारून लाइनआउट घेता येतो, आणि कितीतरी सामने घड्याळ थांबल्यानंतरच्या अशाच एखाद्या लाइनआउटवर फिरले आहेत. तेव्हा ८२ व्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असताना तुमच्या हातात चेंडू आला, तर घाबरून लाथ मारू नका.